धनुष्याचा वाटा



कामगार चळवळीतल्या माणसाने शिकारीवर बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. आपल्या देशात तर 1972चा वन्यजीव कायदा आणि त्याची 1991ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार उरलेलीच नाही. परंतु अमेरिकेच्या पश्चिम भागातला एक वाद मी आवडीने वाचीत आलो आहे. थोडक्या वस्तूची पुष्कळांत वाटणी कशी करावी, हा त्यातला प्रश्न आमच्या रोजच्या ओळखीचा आहे.

तिकडे रानातले जनावर जमीनमालकाचे नसते. ते लोकांचे, आणि राज्य त्याचे विश्वस्त. एल्क हे आपल्या सांबरासारखे, पण त्याहून मोठे हरिण. किती मारले तरी कळप टिकेल, याचा अंदाज बांधून सरकारी खाते परवाने देते. परवान्याची चिठ्ठी मारलेल्या जनावराला बांधायची, म्हणून तिला टॅग म्हणतात. पुष्कळ ठिकाणी मागणारे फार आणि टॅग थोडे. मग सोडत निघते. यातले काही टॅग धनुष्यबाणवाल्यांसाठी राखावेत काय?

राखावेत म्हणणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. बंदूकवाला दोनशे यार्डांवरून नेम धरतो; धनुर्धाऱ्याला पुष्कळच जवळ जावे लागते, आणि बहुतेक वेळा तो रिकाम्या हाताने परततो. म्हणजे तितकीच जनावरे मारून अधिक माणसांना रानात जाता येते. शिवाय कोलोरॅडोत धनुष्याचा हंगाम सप्टेंबरभर चालतो, तर एल्कसाठी बंदुकीचा पहिला हंगाम पाचच दिवसांचा. ज्याला आठवड्याची एकच सुट्टी, त्याला महिनाभराचा हंगाम सोयीचा.

दुसरी बाजूही पोकळ नाही. धनुष्य आता पूर्वीचे राहिले नाही. 1969 साली अमेरिकेत चाकांच्या धनुष्याचे पेटंट निघाले. ते पुरते ताणले की हातावरचा भार एकदम हलका होतो आणि नेम स्थिर राहतो. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ. नर नकली हाकेलाही धावून येतो. आणि बाण लागून पळालेले जनावर कोणाच्या हिशेबात धरायचे?

ऑरेगॉन राज्याच्या पूर्व भागात बंदूकवाल्यांना सोडतीत नंबर लावावा लागे, पण धनुष्याचा टॅग बऱ्याच ठिकाणी मागेल त्याला मिळे. अखेर 2021 साली तिथल्या आयोगाने निर्णय केला, आणि 2022पासून त्यांतल्या बऱ्याच क्षेत्रांत धनुर्धारीही सोडतीच्या रांगेत आले. पुष्कळांना तो अन्याय वाटला.

मला काय वाटते? यंत्रमागावर मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. नवा वेगवान माग आला की मालक म्हणतो, दर उतरवा. आम्ही म्हणतो, आधी मोजा! कापड किती निघते, धागे किती तुटतात, एका माणसाकडे माग किती. मोजल्यावाचून दर बदलू नये. आणि मोजल्यावर जुन्या दराला कवटाळूनही बसू नये. हा नियम दोन्ही पक्षांना सारखाच जाचतो, म्हणून तो न्यायाचा.

धनुर्धाऱ्यांचा वेगळा हंगाम जरूर असावा. पण राखीव वाटा हे वतन नव्हे. तो अडचणीचा मोबदला आहे. अडचण किती उरली हे दर काही वर्षांनी मोजावे, जखमी होऊन गेलेली जनावरेही त्यात धरावीत, आणि हिशेब सर्वांपुढे उघडा ठेवावा. कळप रोडावला तर दोघांनीही हात आखडता घ्यावा.

कारण या तंट्यात तिसरा पक्ष आहे, आणि त्याला ना मत आहे ना युनियन. वाटणीसाठी भांडणाऱ्यांनी, ज्याची वाटणी चालली आहे तो कळप आधी राखला पाहिजे.