‘नो पॉलिटिक्स, फक्त झाडं’

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, मध्ये कुकरच्या शिट्ट्या होत्या तेवढ्या काढल्यात.

आजचा विषय आमचा बागेचा ग्रुप. भूगाव, पिरंगुट, पौड आणि पुढे धरणाकडची गावं, असे आम्ही सगळे मुळशीकर त्यात आहोत. निम्मे हिंजवडीत नोकरी करणारे, सातव्या मजल्यावर चार कुंड्या असलेले. काही रिटायर्ड मंडळी, ज्यांची झाडं आपल्यापेक्षा कायम बरी असतात. आणि दहा-बारा जण खरेखुरे शेतकरी, भात लावणारे. ग्रुपच्या माहितीत पहिल्या दिवसापासून एक ओळ आहे : ‘नो पॉलिटिक्स, फक्त झाडं.’

ही ओळ वाचायला फार गोड वाटते. मलाही वाटायची.

ग्रुपवर एक आप्पा आहेत. वय सत्तरीच्या पुढे, गाव धरणाच्या काठावर. ते टाइप करत नाहीत, व्हॉइस नोट पाठवतात. मागे गाईच्या गळ्यातली घंटा, कुणीतरी भांडी घासतंय, आणि आप्पा शांतपणे सांगतायत की घोसाळ्याच्या वेलाला सिमेंटच्या भिंतीवर सोडू नका, काठी द्या, भिंत उन्हात तापते. दर मे महिन्यात ते बी वाटायचे. डांगर, दोडका, घोसाळं आणि एक जाड सालीची पावसाळी काकडी, जी नर्सरीत मिळतच नाही. राखेत घोळवलेलं बी, वर्तमानपत्राच्या पुड्यांत. पौडच्या एका किराणा दुकानात पुड्या ठेवायचे, ज्याला पाहिजे त्याने घेऊन जायच्या. पैसे नाहीत. अट एकच : फळ आलं की एक वेलावर पिकू द्यायचं आणि त्याचं बी परत आणून द्यायचं.

आता २०२४चा एप्रिल आठवा. बारामती लोकसभा, नणंद विरुद्ध भावजय. मुळशी त्याच मतदारसंघात. ७ मेला मतदान. आमच्याकडे घराघरांत दोन पार्ट्या पडल्या होत्या. एकाच ओट्यावर बसलेले दोन भाऊ एकमेकांना चहा विचारत नव्हते, तर ग्रुपची काय कथा.

सुरुवात मात्र झाडांपासूनच झाली. भूगावच्या एका ताईने फोटो टाकला. मोगऱ्याच्या पानांच्या कडा तपकिरी, कुंडीवर पांढरा थर. टँकरच्या पाण्याने असं होतं का? बरोबर प्रश्न. बोअरच्या जड पाण्यातले क्षार मातीत साठतात आणि आधी पानाची टोकं करपतात. कुणीतरी सांगितलं, पावसाचं पाणी साठवा, महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या. इथपर्यंत ठीक.

मग आप्पांची व्हॉइस नोट आली. चार मिनिटांची. ते म्हणाले, धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्यासाठीच काढलीय. आमच्या धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जातं आणि तुम्ही मोगऱ्याला टँकर घालता. मतं मागायला सगळे येतात, पाण्याचं कोणी बोलत नाही.

अर्ध्या मिनिटात खाली ‘नो पॉलिटिक्स प्लीज’ आणि हात जोडलेले. त्याखाली एकाने आपल्या नेत्याने किती कामं केली याचं लांबलचक फॉरवर्ड टाकलं. त्याला दुसऱ्याने दुसरं फॉरवर्ड. रात्री बारापर्यंत दोनशेच्या वर मेसेज. मोगरा कुठच्या कुठे राहिला. शेवटी अ‍ॅडमिन काकांनी ग्रुपला कुलूप लावलं, फक्त अ‍ॅडमिनने बोलायचं. सकाळी पाहिलं तर आप्पा ग्रुप सोडून गेले होते. भांडणारे दोघे मात्र होते तिथेच.

मे संपत आला. पौडच्या दुकानात पुड्या नाहीत. मृग तोंडावर आला तसे मेसेज सुरू झाले : यंदा काकडीचं बी कुठे मिळेल? एकाने ऑनलाइन दुकानाची लिंक टाकली. ते संकरित बी, फळ येतं, पण त्याचंच बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर काय उगवेल याचा भरवसा नाही. आप्पांची काकडी कुणाच्याही दुकानात नव्हती. आदल्या वर्षीचं बी परत करणारे आमच्यात मोजून पाच निघाले, त्यांच्याकडे घरापुरतं होतं. एक माणूस ग्रुपमधून गेला म्हणून एक जात मुळशीच्या गॅलऱ्यांमधून जाते की काय, अशी वेळ.

जूनच्या एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. रोपं वीतभर झाली होती. आप्पा आंबेमोहोर थोडासा घरापुरता करतात, बाकी सगळं इंद्रायणी. कारण त्यांनी सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा होतो, उतारा कमी. इंद्रायणी त्याच्याच पोटची. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात ती तयार झाली, १९८७ साली आली. वास थोडा कमी, पण पोटाला जास्त. (पुण्यात ‘आंबेमोहोर’ म्हणून काय काय खपतं यावर एक वेगळा भाग करता येईल. करूच.)

मी म्हटलं, आप्पा, परत या, लोक बी मागतायत. ते म्हणाले, “ताई, तुमी म्हणता फक्त झाडं. मला एक सांगा, तुमच्या कुंडीतली माती कुठली?”

मला माहीत होतं. नर्सरीतून आणलेली, लाल माती, गोणीवर विकत.

“ती कुणाच्या तरी वावरातनं नाय तर डोंगरातनंच काढलेली हाय ना? बंगल्याचा पाया खणला की वरची माती गाडीत भरत्यात. मग तुमची माती पालिटिक्स, तुमचं पाणी पालिटिक्स. मी काय फक्त पानांवर बोलू?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

त्यांच्या आज्याची जमीन धरणात गेली. इथे थोडं मागे जाते, कारण तुमच्यापैकी बरेच जण रोज सेनापती बापट रोडच्या सिग्नलला उभे राहता, पण पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ कुठे झाले ते कदाचित माहीत नसेल. मुळशीत झाले. टाटा कंपनीला वीज करायला मुळा आणि नीला नद्यांवर धरण बांधायचं होतं. जमिनी जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायकापोरांसकट. लढा तीन वर्षं रेटला. धरण झालंच, आणि १९२७मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

मला त्यातला एक भाग आत्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या लढ्यातही सगळे एका बाजूला नव्हते. बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या, कसणारे मावळे वेगळे. सावकारांना मोबदला चांगला मिळाला तर चालणार होतं. कसणाऱ्याला पैशाचं काय, त्याला भात पाहिजे. शिवाय सत्याग्रह कसा करायचा, कुठवर जायचं, यावरही पुढाऱ्यांत एकमत नव्हतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा एक जण जमिनीबद्दल बोलत होता, दुसरा भावाबद्दल, आणि तिसरा पद्धतीबद्दल. फक्त मोबाइल नव्हते.

परत येऊन मी अ‍ॅडमिन काकांना हे सांगितलं. काका बँकेतून निवृत्त, नियमाचे पक्के. दोन दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः आप्पांना फोन केला. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक, पण पाऊण तास बोलले. संध्याकाळी आप्पा ग्रुपवर, आणि माहितीतली ती ओळ बदललेली. आता तिथे लिहिलंय : ‘स्वतः पाहिलेलं, स्वतः भोगलेलं बोला. फॉरवर्ड नको.’

मला हा नियम आवडतो, कारण तो वापरता येतो. टँकरला किती पैसे गेले, सांगा. कुणी रस्त्याकडेला पालापाचोळा पेटवला, फोटो टाका. सूस, बावधन, म्हाळुंगे २०२१ला महापालिकेत गेली, तिथले लोक म्हणतात टॅक्स आला, पाणी यायचंय. हेही बोला, तुमच्या नळाबद्दल आहे ते. पण कुठलातरी नेता देव आणि दुसरा राक्षस असं कुणी तिसऱ्याने लिहिलेलं इथे चिकटवायचं नाही. फरक अगदी बारीक आहे असं काही जण म्हणतात. मला तो बारीक वाटत नाही. कुरकुर करणाऱ्याच्या हाताला माती लागलेली असते, फॉरवर्डवाल्याचा फक्त अंगठा हलतो. आणि कुरकुर बंद केली की शेतकरी आधी जातो, कारण त्याच्याकडे कुरकुरीचं कारण जास्त असतं. मग राहतात आपण, आपल्या मोगऱ्यासकट.

दुसरी गोष्ट आप्पांनीच सुचवली. इर्जिक. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. एकाच्या शेताचं काम अडलं की गावातले सगळे आपापले बैल घेऊन तिथे जातात, मजुरी नाही, त्या घरचं जेवण. जुलैत लावणीला आम्ही अकरा जण गेलो. चिखलात गुडघाभर. आमच्या ओळी इतक्या वाकड्या गेल्या की आप्पांच्या सुनेने आमच्या डोळ्यांदेखत अर्ध्या उपटून परत लावल्या. जेवायला तांदळाची भाकरी आणि वाटाण्याची आमटी. एप्रिलमध्ये एकमेकांना फॉरवर्ड मारणारे ते दोघेही आले होते. एकाच बांधावर बसले. गळाभेट वगैरे काही झालं नाही, सिनेमा नाही हा. पण एकाने दुसऱ्याला विचारलं की तुझ्या कढीपत्त्याला काय घालतोस. ताक, पातळ करून. संपला संवाद.

त्यानंतर आठवडाभरातच तो पाऊस आला. २५ जुलैला सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीत ५०० मिलिमीटरहून जास्त. त्या दिवशी ग्रुप खरंच कामाचा ठरला. कुठला रस्ता बंद, कुठली दरड, कुणाच्या पार्किंगमध्ये पाणी, कुणाकडे रात्री राहता येईल. कुणी कुणाचा पक्ष विचारला नाही, विचारायला वेळही नव्हता.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा आली तेव्हा पुन्हा तीन-चार फॉरवर्ड पडले. काकांनी ते उडवले आणि पाठवणाऱ्याला खासगीत फोन केला, ग्रुपवर नाही. एक जण तरी रागावून गेला. तो परत आलेला नाही. त्याच्याकडे जास्वंदाचे अकरा रंग होते, ही हळहळ आहेच.

आता कामाचं. यंदाच्या पुड्या पौडच्या त्याच दुकानात आल्यात. काकडीचं बी मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की लावा, बोटाच्या एका पेराएवढं खोल, एका कुंडीत दोनच. कुंडी मोठी घ्या, खालची भोकं आधी तपासा, तळाशी नारळाच्या शेंड्या घाला, नाहीतर आपल्या मुळशीच्या पावसात मुळं चार दिवसांत कुजतात. वेल कमरेएवढा झाला की शेंडा खुडा, फुटवे येतील. एक फळ पिवळं होईपर्यंत ठेवायचं विसरू नका, बी परत द्यायचंय.

काही अडलं तर आप्पांना विचारा. पाण्याचा प्रश्न असेल तर चहा करून बसा, चार मिनिटांत ते संपत नाही.