सुरमईचं लोणचं

जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावरचे ट्रॉलर बंदरात उभे असतात. त्या दिवसांची बेगमी म्हणून गोव्यातल्या कितीतरी घरांत मासळीचं लोणचं घालतात. खारवलेल्या सुक्या मासळीचा ‘पारा’ प्रसिद्ध आहे. पण आज ताज्या सुरमईचं लोणचं पाहू.

सुरमई खरोखरच ताजी हवी. कल्ले लालभडक असावेत, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यावं. सुरमई, बांगडा, तारली अशी मासळी उन्हात पडून राहिली तर तिच्यात हिस्टमिन तयार होतं आणि ते तळूनही जात नाही. तेव्हा बाजारातून बर्फ घालूनच आणा. लहान तुकडे करा, मीठ-हळद लावून पाणी सुटू द्या, निथळा आणि कडा कडक होईपर्यंत तळा.

सुक्या मिरच्या, जिरं, मिरी, आलं, लसूण हे सगळं वाटायचं व्हिनेगरमध्ये. पाण्याचा थेंबही नको. गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर घेतात, आणि माझ्या मते चव तिथेच ठरते. वाटण तेलात परता, गार झालं की तुकडे मिसळा.

वर तेलाचा थर दिला की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. तेल हवा अडवतं खरं, पण बॉट्युलिझमच्या जंतूला बिनहवेची जागाच मानवते. त्याला रोखतो तो आंबटपणा, पीएच ४.६ च्या खाली हवा. म्हणून व्हिनेगरमध्ये काटकसर नको, आणि बरणी फ्रिजमध्येच ठेवा. दोन-तीन दिवस मुरलं की गरम पेजेबरोबर वाढा. चमचा मात्र कोरडा हवा.