माईकच्या मागे बसताना



कार्यक्रमात आवाज नीट आला, तर माईकवाल्याची आठवण कुणाला होत नाही. शिट्टी वाजली की मात्र सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळतात. मी कविता लिहितो आणि आमच्या वाचनालयाच्या कविसंमेलनात माईकही मीच सांभाळतो, म्हणून हे ठाऊक. आज सांगणार आहे ते मात्र मालवणजवळच्या आमच्या गावातल्या चर्चबद्दल.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. चर्च बंद, देऊळ बंद, आमची मशीदही बंद. १२ एप्रिलला ईस्टर होता. फादरांनी विचारलं, "वाचनालयाचा माईक मिळेल का? मिस्सा रिकाम्या चर्चमध्ये होईल, पण घराघरांत पोचायला हवी." माईक दिला आणि त्याच्याबरोबर मीही गेलो. मोबाईल, तिवई आणि नेट बघायला कॉलेजात शिकणारी दोन मुलं होती. आवाज माझ्याकडे.

रिकाम्या चर्चमध्ये आवाज फार घुमतो. माणसं बसलेली असली की ती आवाज शोषून घेतात. बाकं रिकामी असली की प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येतो. मोबाईल लांब होता, त्यामुळे घरोघरी शब्दांपेक्षा घुमणंच जास्त पोचत होतं. मग माईक फादरांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणला आणि वायर थेट मोबाईलला जोडली. कुणाच्या तरी घरून फोन आला, "काका, आता आयकाक येता!"

चर्चला हे नवं नाही. व्हॅटिकन रेडिओ १२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झाला, तो खुद्द मार्कोनीनं उभारून दिला होता. आमच्याकडे मार्कोनी नव्हता, दोन पोरं होती.

त्याच वर्षीच्या जुलैत गावातली एक म्हातारी गेली. मुलगा मालवाहू जहाजावर. करोनामुळे खलाशांची बदली थांबलेली, बंदरात उतरू देत नव्हते. अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा. त्याचा निरोप आला, "आईक माती देतानाचा माका दाखवशात?"

मला १९८९ साल आठवलं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. अब्बा गेले तेव्हा थोरला भाऊ कुवेतला. तार केली, पण आमच्यात दफन थांबत नाही. तार त्याच्या हाती पडली तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे अम्मीचं बोलणं कॅसेटवर भरून त्याला पाठवलं. तिच्यात रडणंच जास्त होतं.

दफनभूमीत मुलांनी मोबाईल लावला. पाऊस, समुद्रावरचा वारा आणि जहाजावरचं उपग्रहाचं मंद नेट. चित्र पुन्हा पुन्हा अडकत होतं. मुलगा कावराबावरा झाला. मी म्हटलं, "चित्र सोड. नुसता आवाज भरून घेऊया, मागाहून पाठवू. लहान असेल तर पोचेल."

वारा माईकमध्ये शिरला की नुसतं 'फू फू' ऐकू येतं. मी माईकभोवती हातरुमाल गुंडाळला आणि वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो. छत्री माईकवर धरली तर तिच्यावर पडणाऱ्या सरींचा ताशाच वाजत होता. छत्री मिटली, माईक सदऱ्याआड धरला आणि भिजलो. फादरांची प्रार्थना झाली. मग एकेकानं मूठ मूठ माती टाकली. पेटीवर ओली माती पडते तिचा आवाज जड असतो. आमच्या कबरीवरही मूठमाती देतात. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मुलानं खुणेनं विचारलं, "हे काढून टाकू?" मी मान हलवली. नको.

सहा मिनिटांचा आवाज पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. आपण चुकलो की काय, या विचारानं मला झोप लागेना. तिसऱ्या दिवशी बोटीवरून चार शब्द आले : "माती आयकलंय, काका. पुरे."

आता चर्च भरतं. तरी रविवारी माळ्यावर तो मोबाईल लागतो, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, बोटीवरच्यांसाठी. मुलं तयार झाली आहेत, मी क्वचितच जातो. गेलो तर मागच्या बाकावर बसतो आणि सवयीनं कान माईककडे असतो.

कुवेतचा भाऊ केव्हाच कायमचा परतलाय. अजूनही अधूनमधून विचारतो, "अब्बांना नेलं तेव्हा माणसं किती होती रे?" दरवेळी मी सांगतो. तो ऐकून घेतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)