विंचवाचं बिऱ्हाड आणि दोन गोल



माझे बाबा बदलीच्या नोकरीत होते. इंदूर, रायपूर, मग हुबळी. दर तीन वर्षांनी आई काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला बसली, की आम्ही समजायचो. नवीन शाळेत पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून हसू यायचं, तेही ठरलेलं. म्हणून आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्याच्याबद्दल वाचताना मला खेळाआधी त्याचं बिऱ्हाड दिसलं.

जॉन स्कॉट. जन्म १९८२, कॅनडातलं एडमंटन. उंची सहा फूट आठ इंच. खेळ आइस हॉकी, म्हणजे आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्यात खेळतात ती. बर्फावर, पायात स्केट्स आणि चेंडूऐवजी रबराची चकती. स्कॉट बचावपटू. मिशिगन टेकमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला. नॅशनल हॉकी लीगचे संघ दरवर्षी तरुण पोरांची निवड करतात, त्यात त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. खालच्या लीगमधून तो वर आला. मग मिनेसोटा, शिकागो, न्यूयॉर्क, बफेलो, सॅन होजे, ॲरिझोना. आठ वर्षांत सहा गावं.

त्याचं काम काय? आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्काबुक्की केली, तर हातमोजे टाकून भिडायचं. या खेळात अशी मारामारी झाली की पंच दोघांना पाच मिनिटं बाहेर बसवतात आणि खेळ पुढे चालू. मी त्याला संत ठरवत नाहीये. २०१३ मध्ये त्याने लुई एरिक्सनला अशी धडक दिली, की त्याच्या मेंदूला मार बसला. त्याबद्दल स्कॉटवर सात सामन्यांची बंदी आली, आणि ती योग्यच होती.

आता २०१६ चा ऑल-स्टार सामना. लीगमधले सर्वोत्तम खेळाडू यात खेळायचे आणि कप्तान तेव्हा प्रेक्षक मतांनी निवडायचे. काही लोकांना टूम सुचली. सगळ्यात न शोभणारा माणूस पाठवू या! मतं स्कॉटला पडत गेली. तो स्वतः म्हणत होता, माझ्यापेक्षा लायक सहकारी आहेत, त्यांना मत द्या. तरी तोच निवडून आला.

लीगला हे रुचलं नाही. माघार घे, असं त्याला सुचवलं गेलं. पुढे त्याने स्वतः लिहिलं, की लीगच्या एका माणसाने त्याला विचारलं होतं, तुझ्या मुलींना या गोष्टीचा अभिमान वाटेल असं तुला वाटतं का? तोवर तो माघारीचा विचार करत होता. या प्रश्नानंतर नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं. माणसाच्या खेळाला नावं ठेवा, ते चालतं. पण त्याच्या घरात शिरून, त्याच्या लेकरांच्या तोंडून त्याला लाज वाटायला लावायची? आणि अभिमान कशाचा, हे ठरवणारे तुम्ही कोण?

१५ जानेवारीला बदलीचा हुकूम आला. ॲरिझोनाने त्याला माँट्रियलला दिलं आणि माँट्रियलने लगेच खालच्या संघात, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला धाडलं. ॲरिझोनाचं वाळवंट खंडाच्या एका टोकाला, हे बेट दुसऱ्या. घरी दोन लहान मुली, बायकोच्या पोटात जुळी, दिवस भरत आलेले. अनेकांना त्या बदलीत काळंबेरं दिसलं. ओरड झाली आणि लीगने त्याला खेळू दिलं.

३१ जानेवारी, नॅशविल. पहिलं मिनिट सरायच्या आत स्कॉटने गोल केला. मग पॅट्रिक केनशी लुटुपुटूची मारामारी केली, सगळं स्टेडियम हसलं. पण आता हसू वेगळं होतं. पुढे एकटाच चकती घेऊन सुटला आणि दुसरा गोल. अंतिम सामना त्याच्या संघाने १-० ने जिंकला. सर्वोत्तम खेळाडूसाठी लीगने जी तीन नावं पुढे केली, त्यांत तो नव्हताच. लोकांनी यादीबाहेरचं त्याचंच नाव लिहून पाठवलं आणि किताब त्याला मिळाला. त्याआधी, जिंकल्यावर, सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचललं होतं. एवढ्या मोठ्या देहाला उचलताना त्यांची काय तारांबळ उडाली, ते व्हिडिओत जरूर बघा.

काही दिवसांनी जुळी बाळं झाली. तो सेंट जॉन्सच्या कामावर परतला. एप्रिलमध्ये माँट्रियलने त्याला एकच सामना वर खेळवला आणि डिसेंबरमध्ये तो निवृत्त झाला. त्या रात्रीचं त्याचं हेल्मेट टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमकडे गेलं. ऑल-स्टारचे गोल मात्र कारकिर्दीच्या हिशेबात धरत नाहीत. तिथे अजूनही लिहिलेलं आहे, २८६ सामने, ५ गोल.