रंग दिसेनात, तर यंत्रं काढली

हेडफोन लावलेत ना? चला, आज किर्लोस्करवाडीला जाऊ.

साताऱ्याहून रेल्वेनं सांगलीला निघालं की कराड, ताकारी मागे पडतं आणि हे स्टेशन येतं. पूर्वीचं नाव कुंडल रोड. बीटेकला असताना मी इथून किती वेळा गेलो असेन, पण मान कायम मोबाइलमध्ये.

गेल्या वर्षी मात्र इथं मान वर झाली. झालं असं, की माझा प्रोजेक्ट बंद पडला. चार वर्षं मी मॅन्युअल टेस्टिंग करत होतो. मॅनेजर म्हणाले, "तीन महिने आहेत, नवीन काहीतरी शिकून घे." घरी सांगायची हिंमत होईना. आईला फोनवर म्हणायचो, काम जोरात चाललंय. त्याच दिवसांत गावी जाताना गाडी इथं थांबली आणि मी लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल वाचायला लागलो.

या माणसाला चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तिथं कळलं की काही रंग डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत. संपलं की सगळं! पण त्यांनी फक्त रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची ड्रॉइंग शिकले, पुढे मुंबईत तेच शिकवलं. तिथं बढती डावलली गेली, तेव्हा बेळगावला येऊन सायकली विकल्या. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

नांगर कोणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! आपण दोन आठवड्यांत कोर्स सोडून देतो. (मी दोन सोडलेत.)

पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळचा माळ दिला, वर कर्जही दिलं. निवडुंग आणि सापांचा माळ. १९१० साली तिथं कारखाना उभा राहिला. पुढं रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनीही किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकलेत, हे मला माहीतच नव्हतं.

आता एक गोष्ट मला खटकते. ज्याची नोकरी गेली त्याला सगळे सांगतात, "बदल रे, शिक रे." बरोबर आहे. पण लक्ष्मणरावांना माळ देणारा कोणीतरी होता. पायाखाली जमीनच नसेल तर माणूस उभा राहून बदलणार कसा?

शेवटी मी आप्पांना सांगितलं. ते द्राक्षबागेत फवारणीची तयारी करत होते. म्हणाले, "मग पुण्याचं भाडं कशाला भरतोयस? घरी ये. जेवण आहे, नेट आहे, शिक काय शिकायचं ते."

तीन महिन्यांचं काम, पाच लागले. माडीवर बसून पायथन आणि ऑटोमेशन शिकलो. मॅन्युअल टेस्टिंगमध्ये 'हे कुठं मोडेल' हे शोधायची जी खोड लागली होती, तीच मुलाखतीत कामाला आली. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे, खोटं कशाला बोलू.

परवा पुन्हा त्याच गाडीनं निघालो होतो. या वेळी किर्लोस्करवाडीला उतरलो, चहा घेतला आणि मागच्या गाडीनं पुढे गेलो.

भेटू पुढच्या भागात!