मुकादमाचे पहिले कर्तव्य



सदलग्याच्या परिसरात, दूधगंगेकाठच्या गुऱ्हाळावर गुळव्याचा शब्द अखेरचा. काहील केव्हा उतरवावी, हे तो पाक पाहून ओळखतो. परंतु ती जाण एकट्यापाशीच राहिली, तर तो आजारी पडताच सारा पाक बिघडतो. कारखान्यातही तेच. निष्णात कामगार आपोआप कुशल मुकादम होत नाही. अमेरिकेत १९४० साली युद्धसज्जतेसाठी आरंभिलेल्या पर्यवेक्षक-प्रशिक्षणाने शिकविण्याच्या चार पायऱ्या ठरविल्या : शिकणाऱ्याची मनोभूमिका तयार करणे, काम समजावून करून दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि मागाहून देखरेख ठेवणे. हाताखालील माणसास काम साधले नाही, तर रागावण्यापूर्वी मुकादमाने आपले शिकविणे तपासावे. आपल्यावाचून काम न अडणे, हेच त्याच्या अधिकाराचे खरे भूषण होय.