अवर्षण आणि वादळ

शाळेंत भूगोल शिकवितांना मी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढीत असें. डावीकडे लिहावें 'अवर्षण', उजवीकडे 'वादळ'. आणि मुलांस सांगावें कीं, या दोन आपत्ती परस्परविरुद्ध आहेत. ती रेघ चुकीची होती, हें मला सेवानिवृत्तीनंतर कळलें. तें शिकविलें दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉनच्या अरण्यानें.

२००५ सालची हकीकत घ्या. ॲमेझॉनच्या पश्चिम व दक्षिण भागांतील नद्या इतक्या आटल्या कीं, होड्या चिखलांत रुतल्या, मासे तडफडून मेले, आणि ज्या गांवांना नदीवांचून दुसरी वाट नाहीं त्यांना अन्नपाणी विमानांतून पोंचवावें लागलें. त्याच वर्षीं अटलांटिक महासागरावर २८ वादळें उठलीं. त्यांपैकीं कॅट्रिनानें ऑगस्टअखेर न्यू ऑर्लीन्स शहर बुडविलें; हजारांहून अधिक माणसें दगावलीं. (त्याच वर्षीं २६ जुलैस मुंबईंत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तो आपल्यांपैकीं पुष्कळांनीं अनुभवला असेल; पण त्याला या साखळींत ओंवण्याचा मोह मी टाळतों. दर अतिवृष्टीचें खापर एकाच समुद्रावर फोडणें बरें नव्हे.)

अवर्षण व वादळें, दोहोंचें मूळ मात्र एक होतें. विषुववृत्ताच्या उत्तरेस अटलांटिकचें पाणी नेहमींपेक्षां अधिक तापलें होतें. तापलेल्या पाण्यावरची हवा बाष्प घेऊन वर चढते. तें बाष्प हेंच वादळाचें इंधन. परंतु वर गेलेली हवा कोठें तरी खालीं आलीच पाहिजे. आधण आलेल्या भातांत दाणे मध्यें उसळतात व कडेनें खालीं जातात, तसेंच हें. ती हवा उतरली ॲमेझॉनवर. आणि उतरत्या हवेंत ढग धरत नाहींत. पावसाचा पट्टा उत्तरेस सरकला व अरण्य कोरडें राहिलें. समुद्राच्या त्या उष्णतेंत निसर्गाच्या हेलकाव्याचा वांटा होता, तसा मनुष्याच्या धुराचाही होता.

त्या वर्षीं मेलेल्या झाडांचा दोष कित्येक वर्षें अवर्षणावरच ठेवला जात होता. २०१० सालीं तुलेन विद्यापीठांतील संशोधकांनीं उपग्रहांचीं चित्रें व अरण्यांतील पाहणी ताडून पाहिली, तेव्हां निराळेंच निघालें. अवर्षणाच्या आधींच, जानेवारींत, सुमारें १००० किलोमीटर लांबीची वादळरांग खोरें ओलांडून गेली होती. ढगांतून खालीं आदळणाऱ्या वाऱ्यानें झाडें मुळासकट उपटलीं वा मोडलीं. सबंध खोऱ्यांत ४४ ते ६६ कोटी झाडें पडलीं असावींत, असा त्यांचा अंदाज! आणि तें अरण्य पानांवाटे बाष्प सोडून आपला पाऊस पुष्कळसा आपणच घडवितें. तेव्हां पडलेल्या झाडाबरोबर पुढच्या पावसाचाही अंश जातो.

२०२३ सालीं समुद्र पुन्हां तापला. जोडीला एल निन्यो होताच. तरी त्या अवर्षणांत एल निन्योहून तापमानवाढीचाच हात मोठा होता, असा शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाचा निष्कर्ष आहे. मानाउस येथें नेग्रो नदीची पातळी १९०२ पासून नोंदली जाते. ऑक्टोबरांत ती १२.७० मीटरांवर आली. इतकी खालची नोंद पूर्वीं नव्हती. तेफे सरोवराचें पाणी ३९ अंशांच्या वर तापून शंभराहून अधिक डॉल्फिन मेले. पुढच्या वर्षीं, जुलैच्या आरंभीं, अटलांटिकवर बेरिल हें पांचव्या, म्हणजे सर्वांत उग्र श्रेणीचें वादळ झालें. वर्षांत इतक्या लौकर तसलें वादळ तेथें झाल्याची नोंद नव्हती. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नेग्रो नदीनें आपली आदल्या वर्षाची नीचतम पातळीही मागें टाकली.